ऑपरेशन सर करतील की मॅडम? आणि डॉक्टर निवडण्याबद्दलचे आणखी तीन प्रश्न

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझ्या आईला (वय 67) पित्ताशयात खडे निघालेत. दोनदा रात्री असं काही दुखलं की ती सकाळपर्यंत गुडघे पोटाशी घेऊन बसून होती. आता दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं ठरलंय आणि आमच्यासमोर दोन सर्जन आहेत. एक सर, खूप नाव आहे, पण त्यांच्या केबिनमधून आम्ही चार मिनिटांत बाहेर. दुसऱ्या मॅडम, वयाने लहान आहेत पण आईचं सगळं ऐकून घेतलं, कागदावर चित्र काढून समजावलं. दादा म्हणतो ऑपरेशनला पुरुष डॉक्टरच हवा, बाईमाणसाचा हात ऐनवेळी धजत नाही. मी मात्र मध्ये कुठेतरी वाचलं की लेडी डॉक्टरांचे पेशंट जास्त चांगले बरे होतात. खरं काय? घरात रोज वाद चाललाय आणि आई बिचारी आम्हा दोघांच्या तोंडाकडे बघत बसते.

उत्तर : ताई, आधी दादाचा मुद्दा घेऊ, कारण तो नेमका तुमच्या आईच्याच ऑपरेशनवर तपासून झालाय. स्वीडनमध्ये पित्ताशयाच्या ऑपरेशनांची देशभराची नोंद ठेवतात. त्यातली 2006 ते 2019 मधली दीड लाखाच्या वर ऑपरेशनं तिथल्या डॉक्टरांनी तपासली आणि 2023 मध्ये निष्कर्ष छापून आले. स्त्री सर्जनना ऑपरेशनला वेळ जास्त लागला होता आणि त्यांच्या पेशंटमध्ये गुंतागुंत कमी होती. महिन्याभरातल्या मृत्यूंमध्ये लक्षात घेण्यासारखा फरक नव्हता. म्हणजे हात धजत नाही वगैरे काही नाही, दादाला हे वाचून दाखवा.

आता वेळ जास्त लागणं चांगलं कसं, तर या ऑपरेशनमध्ये खरी भीती एकाच गोष्टीची असते, ती म्हणजे यकृतातून पित्त आणणाऱ्या मुख्य नळीला चुकून इजा होणं. पित्ताशयाची स्वतःची नळी छोटी असते आणि ती या मुख्य नळीला जाऊन मिळते, आणि सतत सूज येऊन गेलेल्या पोटात सगळं एकमेकांना इतकं चिकटलेलं असतं की छोटी कुठली आणि मोठी कुठली हे स्क्रीनवर पटकन कळत नाही. म्हणून नियम असा आहे की पित्ताशयाकडे जाणाऱ्या फक्त दोनच गोष्टी, एक नळी आणि एक रक्तवाहिनी, अगदी स्वच्छ सुट्या दिसेपर्यंत काहीही कापायचं नाही. ते सुटं करायला कधी पाच मिनिटं लागतात कधी चाळीस, आणि ती चाळीस मिनिटं जो देतो तो तुमच्या आईचा चांगला सर्जन. इथे लागतो तो पेशन्स, ताकद किंवा धाडस दाखवायची ही जागाच नाही.

आता तुम्ही जे वाचलंत त्याबद्दल. ते बहुतेक अमेरिकेतल्या अभ्यासावरून आलं असणार. तिथे 65 च्या पुढच्या, हॉस्पिटलमध्ये अॅडमिट झालेल्या पेशंटचे 2011 ते 2014 मधले 15 लाखांहून जास्त रेकॉर्ड बघितले, हे सगळे फिजिशियनकडचे, ऑपरेशनचे नाहीत. महिन्याभरात दगावलेल्यांचं प्रमाण स्त्री डॉक्टरांकडे 11.07 टक्के आणि पुरुष डॉक्टरांकडे 11.49 टक्के निघालं, पुन्हा अॅडमिट व्हावं लागण्याचं 15.02 आणि 15.57. यावर लगेच शंका येते की मॅडमकडे सोपे पेशंट जात असतील, पण त्यांनी हॉस्पिटलच्या ड्युटीवरचे डॉक्टर वेगळे काढूनही बघितलं, तिथे पेशंट डॉक्टर निवडत नाही, ज्याची ड्युटी असेल त्याच्याकडे जातो, आणि फरक तिथेही राहिला. त्यामुळे मी हा फरक खरा मानतो.

पण किती आहे ते बघा. हजार पेशंटमागे साधारण चार. इतक्या मोठ्या देशात चार म्हणजे हजारो माणसं होतात, त्यामुळे डॉक्टरांना शिकवणाऱ्यांनी याच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, मला तर वाटतं की मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाला हे आकडे फळ्यावर लिहिले पाहिजेत. तुमच्यापुढे मात्र दोनच डॉक्टर आहेत आणि एका सरांपासून दुसऱ्या सरांमध्ये जो फरक असतो, किंवा एका मॅडमपासून दुसऱ्या मॅडममध्ये, तो या चारपेक्षा कितीतरी मोठा असतो. सर्जरीत तर निकाल सगळीकडे सारखे आलेलेही नाहीत. अमेरिकेतच इमर्जन्सी ऑपरेशनांवर 2018 मध्ये जो अभ्यास छापून आला त्यात सर्जन स्त्री आहे की पुरुष याने मृत्यूत फरक दिसला नाही. जपानमध्ये पोटाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनांवर 2022 मध्ये आलं, तिथेही फरक नाही, आणि तिथे तर स्त्री सर्जनकडे जास्त धोक्याचे पेशंट दिलेले होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

कॅनडातल्या ओंटारिओचं एक निरीक्षण तुमच्या आईच्या दृष्टीने सांगतो. 2007 ते 2019 मधल्या 13 लाख ऑपरेशनांमध्ये स्त्री पेशंट आणि पुरुष सर्जन अशी जोडी असली की त्रास थोडा जास्त निघाला, पण पुरुष पेशंट आणि स्त्री सर्जन या जोडीत तसं काही आढळलं नाही. म्हणजे काहीतरी ऐकण्यात, विश्वास ठेवण्यात, ऑपरेशननंतर बाई म्हणाली दुखतंय तर ते किती मनावर घेतलं जातं यात हरवतंय, असं माझं मत आहे, आकडे कारण सांगत नाहीत.

मग तुम्ही काय करायचं, तर पुन्हा एकदा दोघांनाही भेटा आणि सरळ विचारा की वर्षाला अशी किती ऑपरेशनं तुम्ही स्वतः करता. मोठ्या ऑपरेशनांच्या बाबतीत हे अनेकदा दिसून आलंय की ज्या सर्जनचा हात त्या कामात रोजचा असतो त्याचे पेशंट जास्त वाचतात. मग विचारा की आईचं ऑपरेशन तुम्हीच करणार की तुमचे असिस्टंट, दुर्बिणीतून जमलं नाही तर पोट उघडायचा निर्णय कधी घेता (जो डॉक्टर म्हणेल माझ्याकडे अशी वेळच येत नाही त्याच्यापासून जरा सावध राहा, उघडण्याचा निर्णय वेळेवर घेणं हे चांगल्या सर्जनचं लक्षण आहे), आणि ऑपरेशननंतर रात्री दोन वाजता आईला ताप आला, पोट दुखलं, डोळे पिवळे दिसले तर फोन कोण उचलणार. हे सगळं विचारायला दहा मिनिटं लागतील. सर ती दहा मिनिटं देतात का तेही बघा, कदाचित त्या दिवशी त्यांची ओपीडी तुंबलेली असेल, एका भेटीवरून मी त्यांना नापास करणार नाही.

माझं विचाराल तर मॅडमच्या हातून ही ऑपरेशनं नियमित होत असतील तर मी मॅडमकडे जाईन. आणि हो, हे सगळं आईसमोर बोला आणि शेवटी तिला विचारा. पोट तिचं आहे, आणि दोनदा रात्रभर तीच बसून होती.

प्रश्न : डॉक्टरसाहेब, माझी मिसेस 52 वर्षांची आहे. गेले तीन आठवडे तिला थकवा, धाप आणि पाठीत दोन्ही खांद्यांच्या मध्ये दुखतंय. दोन डॉक्टरांना दाखवलं, दोघेही पुरुष, एकाने अॅसिडिटी सांगितली, दुसऱ्याने विचारलं घरी काही टेन्शन आहे का आणि झोपेची गोळी दिली. मिसेस म्हणते आता कुठे जायचं नाही, माझंच मन कमजोर आहे. लेडी डॉक्टरला दाखवलं तर फरक पडेल का?

उत्तर : दादा, हे वाचाल त्याच दिवशी त्यांना घेऊन जा आणि ईसीजी काढा. डॉक्टर कोण आहे हे नंतर बघू. आणि बसल्या जागी धाप लागली, घाम फुटला, छातीत जड वाटलं, दुखणं जबड्यात किंवा हातात उतरलं तर ओपीडीची वाट न बघता थेट इमर्जन्सीला जा.

हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखणं हे बायकांमध्येही सगळ्यात जास्त आढळणारं लक्षणच आहे, पण त्याच्या जोडीला किंवा कधी त्याच्याऐवजी धाप, मळमळ, पाठ, जबडा, विचित्र थकवा हे बायकांमध्ये जास्त दिसतं, आणि आम्ही डॉक्टर ज्या चित्रावरून शिकलो त्यात छातीवर मूठ दाबून धरलेला पुरुष असतो. त्या चित्रात न बसणारी बाई आली की अॅसिडिटी, टेन्शन, पाळी जायचं वय, असं काहीतरी कागदावर पडतं.

हे मी दुसऱ्यांवर बोट ठेवून लिहीत नाहीये. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, ओपीडी संपत आली होती, पन्नाशीच्या एक बाई आल्या, म्हणाल्या जीव घाबरा होतोय, जबडा दुखतोय, दोन दिवस झोप नाही. मी केसपेपरवर गॅसेस असं लिहिलंसुद्धा होतं. शेजारी माझ्या ज्युनियर डॉक्टर उभ्या होत्या, नुकत्याच जॉइन झालेल्या, त्यांनी हळूच विचारलं, मावशी, जिना चढताना वाढतं का? बाई म्हणाल्या हो गं, वर कपडे वाळत घालायला जाते तर अर्ध्या जिन्यात बादली ठेवून बसावं लागतं. बस, एवढंच. त्या दोन दिवस असं बसत होत्या आणि मी त्यांना हे विचारलंच नव्हतं, मी विचारलं होतं की जेवणानंतर जळजळ होते का. पहिला ईसीजी जवळजवळ नॉर्मल आला, मी मनात म्हटलं बघा, पण मॅडमनी हट्टाने थांबवून ठेवलं, काही तासांनी रक्ताची ट्रोपोनिन टेस्ट (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे रक्तात वाढतं) पुन्हा केली आणि ती वाढलेली निघाली. बाई वाचल्या. त्या केसपेपरवर माझ्या अक्षरातला गॅसेस हा शब्द आणि त्यावर मारलेली रेघ आजही मला जशीच्या तशी दिसते.

म्हणून अमेरिकेतल्या फ्लोरिडाचा अभ्यास वाचला तेव्हा मला नवल वाटलं नाही. 1991 ते 2010 या काळात हार्ट अटॅक घेऊन इमर्जन्सीत आलेले पेशंट त्यात होते आणि 2018 मध्ये तो छापून आला. पुरुष डॉक्टरकडे गेलेल्या स्त्री पेशंटचं जगण्याचं प्रमाण कमी होतं. पण त्यात पुढे जे आहे ते फारसं कोणी सांगत नाही, ते असं की ज्या पुरुष डॉक्टरांच्या डिपार्टमेंटमध्ये स्त्री सहकारी जास्त होत्या, किंवा ज्यांनी आधी जास्त स्त्री पेशंट तपासले होते, त्यांच्याकडे ही दरी कमी झाली. म्हणजे हे शिकता येतं. मी शिकलो, त्या ज्युनियर मॅडमकडून.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर, फरक पडू शकतो, पण लेडी डॉक्टर शोधण्यात अजून चार दिवस घालवू नका. जवळचे जे कोणी डॉक्टर असतील त्यांना हे असंच सांगा की थकवा तीन आठवड्यांचा आहे, काम करताना वाढतो का आणि बसल्यावर कमी होतो का (हे आज घरी मिसेसना नीट विचारून घ्या), पाठ नक्की कुठे दुखते, घरात कुणाला हार्टचा त्रास होता का, शुगर बीपी आहे का. आणि मग एवढंच विचारा, हे हार्टचं नाही हे तुम्ही कशावरून ठरवलंत? डॉक्टर चिडले तरी चालेल. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून त्रास चालू असताना घरी येऊ नका, पुन्हा टेस्ट करायची का ते विचारा. तपासून सगळं नॉर्मल निघालं तरी थकवा आणि धाप याला रक्त कमी असणं, थायरॉइड अशी बाकी कारणं असतात, तीही बघायला सांगा. आणि मिसेसना माझ्याकडून सांगा की मन कमजोर असल्याने खांद्यांच्या मध्ये तीन आठवडे दुखत नसतं.

प्रश्न : सर, नाव देत नाही. मला लघवीच्या जागी त्रास आहे, दोन महिने अंगावर काढतोय. आमच्या भागात एकच युरोलॉजिस्ट आणि त्या मॅडम आहेत. मला लाज वाटते. पुरुष डॉक्टर मागितला तर ते चुकीचं दिसेल का?

उत्तर : अजिबात चुकीचं नाही. बायका वर्षानुवर्षं लेडी डॉक्टर मागतात आणि आपण ते समजून घेतो, तसंच हे. लाजेचा परिणाम तपासणीवर होतो हे खरं आहे. अमेरिकेत 1993 मध्येच दिसलं होतं की स्त्री डॉक्टरकडे जाणाऱ्या बायकांची गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आणि मॅमोग्राम (स्तनाच्या कॅन्सरसाठी काढतात तो एक्स-रे) जास्त प्रमाणात होतात. तेव्हा तुम्हाला पुरुष डॉक्टर हवा असेल तर जवळच्या दुसऱ्या हॉस्पिटलांत फोन करून तसं विचारा, कारण सांगायची गरज नाही.

पण दोन महिने म्हणताय म्हणून काळजी वाटते. लघवीत रक्त दिसत असेल, ताप येत असेल, लघवी अडत असेल किंवा अंडकोषात गाठ लागत असेल तर पुरुष डॉक्टर मिळेपर्यंत थांबू नका, मॅडमकडेच जा. त्यांच्यासाठी हे शरीर रोजचं काम आहे, दिवसाला कितीतरी पेशंट त्या असेच तपासतात. तोंडाने सांगायला जड जात असेल तर कागदावर लिहून न्या, कधीपासून, कुठे, काय केलं की वाढतं, आणि बसल्या बसल्या पुढे करा. तपासताना खोलीत अजून एक पुरुष कर्मचारी असावा असं वाटत असेल तर तेही सांगा, आणि नको असेल तर नको म्हणा. तपासणी मध्येच थांबवा म्हणायचा हक्क तुम्हाला प्रत्येक क्षणी आहे, डॉक्टर कोणीही असो.

प्रश्न : सर, मी इंटर्न आहे. गळ्यात स्टेथोस्कोप असतो, कोटावर नाव असतं तरी पेशंट मला सिस्टर म्हणतात, दहा मिनिटं सगळं विचारून तपासून झालं की नातेवाईक म्हणतात आता डॉक्टरांना बोलवा. माझ्याबरोबरच्या मुलाला पहिल्या दिवसापासून डॉक्टरसाहेब. सीनियर म्हणतात तू पेशंटबरोबर फार वेळ घालवतेस. कधी कधी वाटतं मीच कुठे कमी पडतेय का?

उत्तर : बाळा, तू कमी पडत नाहीयेस. सिस्टर हा कमीपणाचा शब्द नाही, वॉर्ड त्यांच्यावर चालतो, पण तू जे काम केलंस ते तुझ्या नावावर लागलं पाहिजे, कारण पेशंटला आपण डॉक्टरशी बोललोच नाही असं वाटलं तर तो तू सांगितलेली गोळीसुद्धा घेणार नाही. म्हणून खाटेशी गेल्यावर पहिलं वाक्य, मी डॉक्टर अमुक, आज तुमची तपासणी मी करणार आहे. रोज, प्रत्येक खाटेला. आणि हे एकटं तुझं काम नाही, राउंडला सीनियरने नातेवाइकांसमोर म्हटलं पाहिजे की या तुमच्या डॉक्टर आहेत, काय झालं ते यांना माहितीये, यांना विचारा. मी हे माझ्या राउंडला करतो आणि दोन दिवसांत वॉर्डचं बोलणं बदलतं. तुझे सर करत नसतील तर त्यांना एकदा सांगून बघ, बऱ्याच जणांच्या हे लक्षातच आलेलं नसतं.

वेळेबद्दल. अमेरिकेतल्या फॅमिली डॉक्टरांच्या 2017 मधल्या भेटी मोजून 2020 मध्ये निष्कर्ष छापले, त्यात स्त्री डॉक्टर एका पेशंटला सरासरी 2.4 मिनिटं जास्त देत होत्या, आणि दिवसाला पेशंट कमी बघून होत असल्याने त्यांची कमाई कमी होत होती. म्हणजे ज्या सवयीने पेशंटचा फायदा होतो तिची किंमत त्या स्वतःच्या खिशातून देत होत्या. मला याचा मनापासून राग येतो आणि तुझ्या पिढीने तो मुद्दा मिटिंगमध्ये काढावा असं वाटतं. तोपर्यंत सीनियरने टोकलं तर त्यांना सांग की 1984 मध्ये अमेरिकेतच रेकॉर्ड करून बघितलं होतं, पेशंट बोलायला लागल्यापासून सरासरी 18 सेकंदांत डॉक्टर त्याला मध्ये तोडत होते. तू लिखाणाचं काम झटपट करायला शिक, केसपेपर भरणं, फॉर्म, रिपोर्ट शोधणं यात वाचव हवी तेवढी मिनिटं. खाटेजवळची मिनिटं मात्र कमी करू नकोस, आणि पुढच्या वेळी कुणी म्हणालं की डॉक्टरांना बोलवा तर खुर्ची ओढून बस आणि म्हण, बोला, मी ऐकतेय.